बरोबर आलेल्या उत्तराची भीती

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण संभाजीनगरला जाऊन आलेली माणसं वेरूळच्या लेण्यांचं सांगतात, दौलताबादच्या अंधारवाटेचं सांगतात, आणि मी नऊ दिवस राहून त्यातलं काहीच पाहिलं नाही. पैठण रस्ता, गारखेड्यातली एक खोली आणि बिडकीनजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली एक मोठी पत्र्याची शेड, एवढंच माझं पर्यटन. परत येऊन महिना झाला. चिपळूणला घरी फोन केला की भाऊ विचारतो, "अगं, पण तिथं होतं काय एवढं?" त्याला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या शेडमध्ये एक यंत्र आहे. भल्यामोठ्या मेदुवड्याच्या आकाराचं पोलादी पात्र, त्याला तांब्याच्या तारांची वेटोळी. आत हायड्रोजन इतका तापवतात की तो वायू राहत नाही, प्लाझ्मा होतो. चुंबकाच्या जोरावर त्याला भिंतीपासून दूर, अधांतरी धरून ठेवायचं. सूर्यात जसे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात तसं पृथ्वीवर घडवायचं, या जगभर चाललेल्या खटपटीतलं हे एक अगदी लहान यंत्र. त्यातून वीज निघणार नाही, ते शिकण्यासाठी आहे. अडचण अशी की प्लाझ्मा निमूट राहत नाही. त्यात भोवरे उठतात. भरतीच्या वेळी आमच्या वाशिष्ठीच्या खाडीत उठतात तसे, आणि आतली उष्णता बाहेर गळते. किती गळेल हे आधी सांगता आलं तरच पुढचं मोठं यंत्र केवढं बांधायचं ते ठरवता येतं. मी पुण्यात बसून ती गळती संगणकावर काढते. सहा वर्षं हेच करतेय. सहा वर्षांत मी एकदाही खरा प्लाझ्मा पाहिलेला नव्हता.

गारखेडा, गुरुवार

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बसमधून उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि हवा तव्यावरून उचलून आणल्यासारखी लागत होती. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. इथं घामसुद्धा येत नाही, येण्याआधीच वाळून जातो. गारखेड्यात साळवे काकूंकडे खोली घेतली होती. काकू निवृत्त परिचारिका, एकट्या राहणाऱ्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खिडकीतला कूलर दाखवला, गच्चीवरच्या टाक्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "पाणी रोज येत नाही. कूलरला मी घालते. तुम्ही आंघोळीला एकच बादली."

कोकणातल्या मुलीला एक बादली म्हणजे पाय धुण्याचं पाणी. पण त्या दिवशी मला पाण्याची भीती नव्हती. आठवडाभरापूर्वी मी एक बंद पाकीट इथल्या प्रमुखांकडे, तौर सरांकडे, पाठवलं होतं. त्यात माझं भाकीत होतं: या यंत्रात, इतक्या विद्युतप्रवाहाला, कडेपासून इतक्या अंतरावर गळती इतकी येईल. मोजमाप होण्याआधी उत्तर लिहून द्यायचं, म्हणजे नंतर मागेपुढे करता येत नाही. आता त्यात फेरफार करणं माझ्या हातात नव्हतं. जेवताना काकूंनी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, प्रवासाचा शीण.

बिडकीन, शुक्रवार

सकाळी सात वाजता सलीमभाई जीप घेऊन आले. संस्थेची जुनी जीप, तिचं दार बाहेरून उघडायचं. पैठण रस्त्याला लागताच दोन ट्रकांच्या मधून त्यांनी ती अशी काढली की मी समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"डरो नको मॅडम," ते म्हणाले. "गाडी पुरानी है, मगर ब्रेक नवे डाले मैंने."

दोन्ही बाजूला मोसंबीच्या बागा, नांगरून पडलेली काळी रानं. मग बिडकीनच्या अलीकडे एकदम चार पदरी गुळगुळीत रस्ते सुरू झाले. दिव्यांचे खांब रांगेनं उभे, काही कारखाने झालेले, बाकी प्लॉट मोकळे. त्या मोकळ्या प्लॉटांतून मेंढरं चरत होती. एक कळप सिमेंटच्या रस्त्यावर सावकाश चालला होता आणि सलीमभाई हॉर्न न वाजवता थांबून राहिले. "शिंगाडेमामा के घर के हैं," ते म्हणाले. "हॉर्न मारा तो मामा मेरेकू पाना फेंकके मारता."

शिंगाडेमामा म्हणजे शेडमधले तंत्रज्ञ. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, कानात बाळी, अंगात निळा कोट. लहानपणी मेंढरांमागे फिरले, मग आयटीआयमधून फिटर झाले आणि या यंत्राच्या पहिल्या बोल्टापासून इथं आहेत. माझ्यासाठीचा प्रोब त्यांनीच केला होता. वीतभर लांब पांढरी सिरॅमिकची कांडी, तिच्या टोकाला टंगस्टनच्या सहा सुया, केसापेक्षा थोड्याच जाड. ही कांडी प्लाझ्माच्या कडेत आत सरकवायची. सुयांवरून भोवऱ्यांची ताकद आणि चाल कळते.

"चार महिने लागले," मामा म्हणाले. "दोन कांड्या फुटल्या. ही तिसरी. हात लावू नका, बगा निसतं."

मग पहिला शॉट झाला. शॉट म्हणजे प्लाझ्मा पेटवणं. सगळे यंत्राभोवतीच्या जाळीबाहेर येतात, तीनदा भोंगा वाजतो, कपॅसिटरच्या रांगांत वीज भरली जाते आणि ती एका क्षणात तारांत सोडतात. भोंगा मी ऐकला. पुढचा आवाज मात्र माझ्या बरगड्यांत झाला. मी किंचाळले. पडद्यावर पात्राच्या खिडकीतलं दृश्य डोळ्यांची पापणी लवेपर्यंत उजळून विझलं होतं. एवढंसं? या एवढ्याशा लकाकीवर मी सहा वर्षं गणितं केली?

विद्यार्थी हसले. मामा हसले नाहीत. ते जाळीचं दार उघडून आत गेले, उरलेली वीज जमिनीत उतरवणारी लांब दांड्याची अर्थिंगची काठी कपॅसिटरला लावली, काढली आणि पुन्हा लावली.

"दोनदा का?" मी विचारलं.

"एकदा वीज ऱ्हायली होती आत. मला भिंतीवर फेकलं हो तिनं. तव्हापासून दोनदा. पोरं हासत्यात, हासू द्या. मला भ्या वाटतं, मी दोनदा लावतो."

बिडकीन, शनिवार

पहिल्या दिवसाचे आणि शनिवार सकाळचे मिळून चाळीस शॉट झाले. दुपारी तौर सरांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं आणि पाकीट फोडलं. तौर सर मूळचे घनसावंगीकडचे. घरी अजून शेती, स्वतः उंचेपुरे, आवाज मोठा. माझा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला आणि मग मोजलेला आकडा वाचला. दोन्हींत शंभराला चाराचा फरक होता.

सरांनी टेबलावर थाप मारली. "मेघना, तुम्ही कमाल केली! गुरुवारी समिती येतीये. हेच दाखवायचं!"

समितीचं मला तेव्हा नीट कळलं. या शेडला पुढची तीन वर्षं चालवू द्यायचं की नाही, हे ती ठरवणार होती. सरांचा बेत असा होता: माझ्या मॉडेलनुसार प्लाझ्मा आत तीन सेंटिमीटरपर्यंत सुयांना सोसेल एवढाच तापलेला असणार. तेव्हा समितीसमोर प्रोब तिथवर न्यायचा आणि या यंत्रात आजवर कुणी मोजलं नाही ते मोजून दाखवायचं. मामांनी मान डोलावली. सलीमभाईंनी शहरातून नान-खलिया आणला. तांबूस रस्सा, वर तेलाचा तवंग, जाड मऊ नान. मी माशांवर वाढलेली, पण त्या दिवशी दोन नान खाल्ले. सहा वर्षांत इतकी भूक मला लागली नव्हती.

चार वाजता मी आकडे पुन्हा उघडले, फक्त सुखासाठी.

गळती दोन गोष्टींनी ठरते. भोवरे किती जोराचे आहेत ही एक, आणि वायूचा दाटपणा व भोवऱ्याचा धक्का एकमेकांशी किती तालात आहेत ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे गळती. मघाशी आम्ही फक्त गुणाकार ताडून पाहिला होता. आता मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काढल्या. माझ्या मॉडेलमधले भोवरे खऱ्या भोवऱ्यांच्या निम्म्या जोराचे होते आणि ताल दुप्पट होता. निम्मे गुणिले दुप्पट. उत्तर बरोबर.

म्हणजे मॉडेल बरोबर नव्हतं. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. आणि आत, तीन सेंटिमीटरवर, त्या एकमेकींना झाकतीलच असं कशावरून? तिथलं तापमान मी ज्या मॉडेलनं काढलं होतं ते हेच होतं.

पलीकडे विद्यार्थी फोटो काढत होते. मी लॅपटॉप मिटला. शेडमधल्या कूलरचा वारा अंगावर येत होता. उद्या पुन्हा तपासू, माझीच काही गफलत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गफलत नव्हती आणि तेही मला ठाऊक होतं.

शिंगाडेवस्ती, रविवार

मामांनी जेवायला बोलावलं होतं. बिडकीनपासून आत कच्च्या रस्त्यावर पाच-सहा घरांची वस्ती, बाभळीखाली मेंढरांचा वाडा, बाहेर मोटरसायकल. मामींनी चुलीवर भाकरी थापल्या आणि येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. ते कालवून उकळलं की घट्ट, झणझणीत आमटी होते. भाकरी कुस्करून खायची. आमच्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही म्हटल्यावर मामींना माझी कीव आली.

"भातानं पोट भरतं व्हय? खा अजून. लई बारीक हाये तुम्ही."

जेवणानंतर मामा मला मेंढरं दाखवायला घेऊन गेले. धाकट्या भावाकडे कळप असतो, ते सुट्टीच्या दिवशी जातात. एका कोकराला उचलून त्यांनी त्याचा पाय तपासला. मला वाटलं, आत्ता सांगावं. इथं सर नाहीत, पोरं नाहीत.

"मामा, समितीसमोर प्रोबला काही झालं तर?"

"कामून व्हईल? तुम्ही काढलाय ना हिशोब."

त्यांनी हे विश्वासानं म्हटलं. मी कोकराच्या कानाला हात लावला आणि गप्प राहिले. या गोष्टीत मी जे काही केलं त्यातलं हे मला सगळ्यात जास्त बोचतं. तेव्हा माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती.

बिडकीन, सोमवार

समितीआधी सराव म्हणून प्रोब एक सेंटिमीटर आत न्यायचं ठरलं. एकच सेंटिमीटर, मी मनाशी म्हणाले. एवढ्यानं काय होतंय. खाडीत बुडणारी माणसंही असंच म्हणत असतील.

पहिले तीन शॉट व्यवस्थित गेले. चौथ्याला पडद्यावरच्या लकाकीत मध्येच एक पांढरा ठिपका चमकला. सहा सुयांच्या सहा रेषांपैकी तिसरी रेष सपाट झाली आणि सपाटच राहिली.

"गेली," मामा म्हणाले.

तौर सर म्हणाले, "एखादी सुई जाते. पाच आहेत. गुरुवारी चालतील."

मामा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ त्या सपाट रेषेकडे बघत राहिले. मग उठून नेहमीप्रमाणे काठी लावायला आत गेले. दोनदा लावली. परतताना माझ्याजवळून गेले. त्यांना काही माहीतच नव्हतं. सुई कशानं गेली ते त्या शेडमध्ये मला एकटीला माहीत होतं.

जीपमध्ये सलीमभाईंनी दोनदा आरशातून पाहिलं. "तबियत खराब है क्या मॅडम? दवाखाना रस्तेमेंच है."

"नको," मी म्हटलं. "सलीमभाई, तुमच्या हातून कधी काही मोठं बिघडलं, आणि तुम्ही सांगितलं नाही, असं झालंय?"

त्यांनी गिअर बदलला. "हुआ ना. पुरानी नौकरी में. ब्रेक ढीला था, मैंने बोला नै. मालिक दुसरे दिन बच्चोंको लेके निकला." थोडं थांबून म्हणाले, "कुछ हुआ नै. मगर वो दिन मैं पूरा रस्ते पे खड़ा था, गाडी वापस आती क्या देखते."

बिडकीन, मंगळवार

मी शेडमध्ये पोचले ती सरळ टेबलाशी गेले. उभी राहिले असते तर पळून गेले असते, म्हणून बसले. तौर सर आणि मामा प्रोबची जागा ठरवत होते.

"सर, माझं मॉडेल चुकलंय."

सर हसले. "चार टक्क्यांनी."

"नाही. सगळंच." मी लॅपटॉप उघडून दोन्ही आकडे दाखवले. भोवरे निम्मे, ताल दुप्पट. "आत तापमान किती असेल ते मला सांगता येत नाही. तीन सेंटिमीटरला प्रोब जळेल. पात्रभर त्याची धूळ होईल. कालची सुई त्यामुळेच गेली असणार."

सरांनी आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कधी कळलं?"

"शनिवारी दुपारी."

"शनिवारी." त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला आणि मला ओरडण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. "काल सकाळी का नाही बोललात?"

"भ्याले."

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही, कारण मी वर पाहिलं नाही.

मग मामाच बोलले, पण माझ्याशी नाही, सरांशी. "सर, रंग बी बदलला हाये."

"कसला रंग?"

मामांनी आपली वही आणली. प्रत्येक शॉटनंतर ते खिडकीतला रंग लिहून ठेवत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शुक्रवारच्या पानांवर ओळीनं 'पांढरट', 'पांढरट', 'पांढरट'. शनिवारी 'पांढरट गुलाबी'. सोमवारी नुसतं 'गुलाबी'.

"मागच्या आठवड्यात खिडकीचं सील बदलाया पात्र उघडलं होतं," मामा म्हणाले. "कूलर चालू होते. भिंत वल पिती. मंग शॉट मारू तसतशी ती बाहेर टाकती, आन् साफ व्हती. साफ भिंतीला गुलाबी येतो."

मी वहीकडे बघत राहिले. पोलादाच्या भिंतीत मुरलेली कूलरची ओल. शुक्रवारी प्लाझ्माच्या कडेला भिंतीतून निघालेला वायू मिसळत होता आणि कड थंड राहत होती. भिंतीतून येणारा वायू माझ्या मॉडेलमध्ये धरलेलाच नव्हता, तरी उत्तर जुळलं. भिंत साफ होत गेली तशी कड तापत गेली, आणि सोमवारी सुई वितळली. आम्ही लगेच प्रोब मागे, पहिल्या जागी घेतला आणि दहा शॉट मारले. यंत्र तेच, प्रवाह तोच, फक्त भिंत साफ. माझ्या भाकिताच्या जवळजवळ दुप्पट गळती आली.

चार टक्के कुठल्या कुठे गेले. विचित्र गोष्ट अशी की त्या आकड्याकडे बघताना मला शनिवारनंतर पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"गुरुवारी तुम्ही बोलायचं," तौर सर म्हणाले. "मी नाही. हे सगळं, असंच्या असं."

बुधवारभर आम्ही साफ भिंतीवरचे शॉट घेत राहिलो. कुणी कुणाशी कामाशिवाय बोललं नाही. मामा रंग सांगत आणि मी लिहून घेत होते.

बिडकीन, गुरुवार

समितीत चौघं होते. मी उभी राहिले. मी शनिवारचा आलेख दाखवला, मग तो का खोटा होता ते दाखवलं, मग साफ भिंतीचा आकडा. सोमवारी मी गप्प राहिल्यानं सुई गेली, हेही सांगितलं. मागं कुणीतरी खाकरलं.

समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचं मॉडेल या यंत्रासाठी निरुपयोगी आहे?"

"आज तरी. कुठं तुटतं तेवढं कळलंय."

"आणि हे कळलं कशावरून? रंगांच्या वहीवरून?"

"हो."

त्यांनी वही मागितली. मामांनी दोन्ही हातांनी ती दिली. बाईंनी पानं उलटली आणि शेजारच्या सदस्याला दाखवली. मग चहा झाला आणि ते गेले. कौतुक कुणी केलं नाही, झापलंही नाही.

त्याचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला हुरहूर नको. तीन वर्षं मागितली होती, एक मिळालं. तौर सरांनी फोनवर तेवढंच सांगितलं आणि ठेवला. मी पुण्यात भिंतीतून येणारा वायू मॉडेलमध्ये घातला. आता भोवऱ्यांचा जोर बरोबर येतो, तालही जवळपास येतो, आणि गळतीचं उत्तर एक तृतीयांशानं चुकतं. जुळणारं उत्तर मोडून न जुळणारं केलं, असं आमच्या विभागात काही जण म्हणतात. त्यांचं खोटं नाही. पुढच्या वर्षी माझी जागा राहील की नाही ते मला माहीत नाही आणि सकाळी उठताना पहिला विचार तोच असतो.

बिडकीन, शुक्रवार

निघण्याच्या दिवशी बस दुपारची होती. मी सकाळी सलीमभाईंना शेडकडे घ्यायला सांगितलं. मामा एकटेच होते. प्रोब बाहेर काढून टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला होता. तिसऱ्या सुईच्या जागी काळा थेंब गोठला होता.

"मामा, मला माफ करा," मी म्हटलं. "रविवारी तुमच्याकडे जेवले आणि..."

"राग आला मला," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. "लई आला. परवा घरी गेलो तर मामीला बी सांगितलं नाय, का जिला वाढलं तिनंच असं केलं. चार महिने बसलो व्हतो मी याच्यावर."

त्यांनी माझी समजूत काढावी असं मला कुठंतरी वाटत होतं आणि त्यांनी ती काढली नाही.

भिंगाचा दिवा पुढे ओढून त्यांनी बारीक चिमटा घेतला. जळालेली सुई उपसायची तर कांडी कुणीतरी धरायला हवी होती. विद्यार्थी अजून यायचे होते. मामांनी शेडच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धरा," ते म्हणाले.

"मी? माझे हात बघा मामा." हात खरंच थरथरत होते. नऊ दिवस थरथरतच होते.

"बघू ऱ्हायलो ना. थरथरू द्या. घट्ट धरणाऱ्यानं दोन फोडल्यात. तो घट्ट धरणारा मीच."

मी दोन बोटांनी कांडी उचलली. ती मला वाटलं होतं त्याहून हलकी होती. मामांनी चिमटा लावला, श्वास धरला आणि काळा थेंब हळूहळू बाहेर यायला लागला.